सुनेची साठ मिलिमीटरची फळी

माझी सून मोटरसायकली मोजते. लोकांना हे पटकन समजत नाही. "मोजते म्हणजे? किती झाल्या ते?" असं विचारतात. तसं नाही. कारखान्यातून नव्या धर्तीची गाडी निघाली, की तिची लांबी किती, रुंदी किती, सीट जमिनीपासून किती उंच, दोन चाकांत अंतर किती, पोटाखाली जागा किती, टाकीत पेट्रोल किती मावतं आणि भरल्या टाकीनिशी वजन किती, हे सगळं मोजायचं, कागदावर उतरवायचं आणि खाली सही करायची. गाडीच्या दुकानात एक गुळगुळीत कागद देतात ना, त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आकड्यांची रांग असते. ती कुणी वाचत नाही. त्यातले निम्मे आकडे आमच्या घरचे असतात.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मापखोलीत नव्हती, मापखोली झाडत होती. कारखान्यात झाडूवाली म्हणून लागलेली. तिथे एक म्हातारे मास्तर होते, मापं घेणारे. ही झाडताना टेबलावरची एकेक वस्तू उचलायची, पुसायची आणि होती तिथेच, होती तशीच ठेवायची. मास्तरांनी एकदा मुद्दाम पट्टी तिरकी ठेवून पाहिली. हिने टेबल पुसलं आणि पट्टी परत तशीच तिरकी ठेवली. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "झाडू ठेव बाजूला आणि इकडे ये." सहा वर्षं शिकवलं त्यांनी तिला. निवृत्त होताना स्वतःचं व्हर्नियर तिच्या हातात दिलं. व्हर्नियर म्हणजे केसाची जाडीसुद्धा सांगणारा लोखंडी चिमटा. त्यांच्या जागी कोणी मोठा शिकलेला माणूस आला होता म्हणे, दोन महिन्यांत निघून गेला. तोवर काम ही करतच होती, मग पुढे कुणी विचारलंच नाही. आता बावीस वर्षं झाली.

कारखान्यात तिला ग्रॅमबाई म्हणतात. घरातही तिच्या मापांचा उपद्रव होताच. माझा मुलगा सुतार आहे. लग्नाच्या आधी त्याने हौसेनं एक कपाट केलं होतं. हिने आठव्या दिवशी सांगितलं, "अहो, डावा दरवाजा तीन मिली खाली आहे." पोरगं दोन दिवस तिच्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप दरवाजा उतरवला, बिजागरी सरकवली आणि परत लावला. मी म्हटलं, "झालं का मनासारखं?" तर म्हणतो, "आई, खरंच तीन मिली होता गं."

आता फळीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

मापखोलीतला वजनकाटा एका चाकापुरता आहे. त्याचं ताट जमिनीपासून साठ मिलिमीटर उंच. आधी गाडीचं पुढचं चाक त्यावर चढवायचं आणि आकडा घ्यायचा, मग मागचं चढवायचं आणि आकडा घ्यायचा, दोन्हींची बेरीज ते गाडीचं वजन. पण एक चाक ताटावर आणि दुसरं जमिनीवर असं चालत नाही. दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी लागते. मी तिला विचारलं होतं, "का गं? गाडी तीच, काटा तोच." ती म्हणाली, "आई, हे कपाट आपण जिन्यावरून वर आणलं तेव्हा खालच्या बाजूला कोण होतं?"

"तुझा नवरा."

"आणि वरच्या बाजूला?"

"शेजारचा."

"भार कुणाला जास्त आला?"

मला आठवलं. शेजारचा वर उभा राहून गप्पा मारत होता आणि माझ्या पोराचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. "तसंच," ती म्हणाली. "जे चाक खाली, त्याच्याकडे भार सरकतो. काटा वरच्या चाकाखाली असतो, म्हणून तो कमी दाखवतो. दोन्ही वेळेला कमी. मग बेरीज खोटी येते."

ती फळी माझ्या मुलाने करून दिली होती. जुनं, मुरलेलं लाकूड, बरोबर साठ मिलिमीटर. सुनेनं व्हर्नियर लावून चार कोपरे तपासले आणि मगच नवऱ्याला चहा दिला. लाकूड दमट हवेत फुगू नये म्हणून ती सहा महिन्यांनी फळी घरी आणायची, जवसाचं तेल पाजायची आणि दोन दिवस वाळवून परत न्यायची.

अशीच गेल्या खेपेला तिने फळी घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी ठेवली. तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मला सगळं धुरातून दिसायचं. मी चुलीवरून उकळतं पातेलं उतरवलं आणि ठेवलं ते नेमकं फळीवर. उचललं तर खाली काळं कुळकुळीत कडं. घरात मी एकटी. आता सुताराची आई म्हटल्यावर रंधा मारणं काही मला नवं नाही. मुलाचा रंधा घेतला, कडं जाईपर्यंत सबंध फळीवर फिरवला, भुसा गोळा करून टाकला, वरून तेल चोळलं. फळी नव्यासारखी झाली. संध्याकाळी सून म्हणाली, "छान मुरलंय हो तेल." मी म्हटलं, "हो ना." तिने व्हर्नियर काही लावलं नाही. ती कारखान्यातल्या कुठल्याच वस्तूवर भरवसा ठेवत नाही, घरातून गेलेल्या वस्तूवर ठेवते.

पुढे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने तीन दिवस रजा घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग तीन दिवस. मी पट्टी बांधून पडलेले, ती थेंब घालायची, तेही घड्याळ लावून. मधल्या वेळात नव्या गाडीच्या गोष्टी सांगायची. कारखान्याने एक लहानशी शर्यतीच्या तोंडवळ्याची गाडी काढली होती. तांबडी, अंगाने काटकुळी, हॅंडल खाली. बसणारा असा वाकतो की खाली पडलेलं नाणं शोधतोय म्हणावं. एकशेएकोणपन्नास सीसीचं इंजिन.

"दीडशे का नाही?" मी विचारलं. "एकासाठी कशाला कंजूषपणा?"

"भरतं तेवढं लिहायचं, आई."

"आणि सीट किती उंच?"

"सातशे नव्वद. माझे पाय टेकतात." सून अंगाने बुटकी आहे. प्रत्येक गाडीवर एकदा ती स्वतः बसून पाहते. ते कागदात लिहायचं नसतं, पण ती पाहते. तेवढं सांगताना तिचा आवाज इतका खुश असतो, की मला वाटतं तिने एकदा चालवावी. विचारलं तर म्हणते, "मला कुठे येतंय चालवायला!"

या गाडीचं सगळं कौतुक तिच्या हलकेपणाचं होतं. दुसऱ्या कारखान्याची तसलीच गाडी एकशेएकतीस किलो भरायची. त्याच्या खाली यायचंच असा विक्रीखात्याच्या साहेबाचा हट्ट. साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, त्याची ही पहिलीच गाडी. सून रजेवर असताना फोटो काढायचा दिवस होता, कागद छापायला जायचा होता. त्यांनी मापखोली उघडली, काटा घेतला आणि स्वतःच वजन केलं. फळी सुनेच्या कपाटात कुलूपबंद. असली तरी ती कशाला असते हे कुणाला ठाऊक होतं! आकडा आला एकशेएकोणतीस पूर्णांक सात. साहेबाने वरचे सात खाली पाडले आणि एकशेएकोणतीस छापायला दिलं.

चौथ्या दिवशी सून कामावर गेली तर टेबलावर छापून आलेल्या कागदांचे गठ्ठे. तिने गाडी आणवली, फळी लावली, वजन केलं. एकशेचौतीस पूर्णांक दोन.

साहेब हसत आला. "ग्रॅमबाई, तीन दिवसांत गाडीने बरंच खाल्लेलं दिसतंय."

हिने त्याला दोन्ही तऱ्हा करून दाखवल्या. फळीशिवाय एकशेएकोणतीस सात, फळीसह एकशेचौतीस दोन. कपाटाची आणि जिन्याची गोष्टही सांगितली. साहेब काही बिनडोक नाही. तो म्हणाला, "म्हणजे फळी बदलली की वजन बदलतं, असंच ना बाई? मग उद्या तुम्ही जाड फळी आणाल आणि मी दीडशे किलो लिहू? आणि ही आली कुठून? बाजारातून नाही, घरून! घरच्या फळीवर कारखान्याचा आकडा?"

"फळी साठ मिलिमीटर आहे," ही म्हणाली. "मी स्वतः मोजून घेतलीय. केसाएवढी कमी नाही."

भांडण थोरल्या साहेबांकडे गेलं. ते शांत गृहस्थ. त्यांनी सांगितलं, की गुरुवारी सरकारी तपासनीस येतो आहे, तोपर्यंत सहीचा कागद तयार पाहिजे. बाईंचा आकडा जाऊ दे कागदावर. तपासनीसाचा आकडा जुळला तर गठ्ठे रद्दीत आणि नवे छापा. नाही जुळला, तर गाडी बाजारात जाणं सहा महिने लांबेल आणि मग मापखोलीत दुसरं माणूस बसेल. बाईंना खोकी भरायच्या खात्यात जागा आहे.

हे सगळं मला बुधवारी संध्याकाळी कळलं. सून सहाला घरी आली, खांद्याला नेहमीची पिशवी आणि पिशवीत फळी. "तिथे ठेवली नाही," म्हणाली. "कुणी हात लावला तर?" मुलगा अजून दुकानातून यायचा होता. तिने चहा केला, मला दिला आणि स्वतःचा तसाच ठेवून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला भीती नाही आई. फळी खरी आहे. तुमच्या मुलाच्या हातची आहे."

माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला. नव्या डोळ्याने मला तेव्हा सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या कपाळावरची आठीसुद्धा. म्हटलं, आत्ता बोलले नाही तर उद्या ही पोरगी माझ्या पापावर सही करील.

"अगं," मी म्हणाले, "ती फळी तशी राहिलेली नाही."

"कशी तशी?"

मग सांगून टाकलं. पातेलं, काळं कडं, रंधा, तेल. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हते, बशीकडे पाहत होते. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उठली, पर्समधून मास्तरांचं व्हर्नियर काढलं, फळी टेबलावर घेतली. एक कोपरा. दुसरा. तिसरा. चौथा. मग मधोमध.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन मिली गेलेत."

"सगळीकडे सारखे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सगळीकडे सारखे. आई, रंधा चांगला मारलात."

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, "अगं, मी जाते उद्या तुझ्या साहेबाकडे. सांगते, म्हातारीने घोळ केला. मला काय, मला काही खोकी भरायला पाठवणार नाहीत." ती म्हणाली, "थांबा जरा, बोलू नका." आणि तिने विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं.

मला ते गणित तिने नंतर समजावलं, म्हणून लिहिते. फळी मुळीच नसली तर वजन साडेचार किलोने कमी भरत होतं. ते तिने स्वतः दोनदा करून पाहिलेलं. म्हणजे अठ्ठावन्न मिलीच्या फळीने साडेचार किलो सांभाळले होते. मग राहिलेल्या दोन मिलीने किती सांडले? अठ्ठावन्नात दोन एकोणतीस वेळा जातात, म्हणून साडेचार किलोचे एकोणतीस भाग करायचे, त्यातला एक भाग.

पेन्सिल थांबली. ती खुर्चीत मागे टेकली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी उठून जवळ गेले तर हसत होती.

"दीडशे ग्रॅम," ती म्हणाली. "आई, तुम्ही दीडशे ग्रॅमची चोरी केलीत."

"एवढीच?"

"एवढीच. एक मोठा बटाटा."

मी मागे न बघताच खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. इतक्यात मुलगा आला. आम्ही दोघी हसतोय आणि डोळे पुसतोय हे पाहून दारातच थांबला. "कोण गेलं?" म्हणाला.

"दीडशे ग्रॅम गेले," मी म्हटलं. त्याला सगळं सांगितलं तर फळी हातात घेऊन त्याने वरून बोट फिरवलं. "माझा रंधा वापरलास? तरीच पातं बोथट झालं होतं. मी उगाच शेजाऱ्यावर संशय घेत होतो." मग बायकोला म्हणाला, "आत्ता तासाभरात नवी करून देतो. लाकूड आहे."

"नको," ती म्हणाली. "वजन ज्या फळीवर केलं तीच दाखवायची. आणि लिहायचं."

"काय लिहायचं?"

"जे झालं ते."

तो म्हणाला, "अगं, दीडशे ग्रॅम कोण बघतंय? गप्प बस की." ती म्हणाली, "मी साहेबाला केसाएवढी कमी नाही म्हणून सांगितलंय." त्याने कपाटाच्या डाव्या दरवाजाकडे एकदा पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला.

गुरुवारी ती गेली आणि मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. गणित कितीही गोड लागलं तरी ते कागदावरचं. तपासनीसाच्या काट्याला आमचं गणित काय माहीत? अकरा वाजता वाटलं झालं असेल. बारा वाजता वाटलं काहीतरी बिनसलं. एक वाजता मी भाजी निवडायला घेतली आणि देठं पातेल्यात, पानं केरात टाकली. अडीचला दार वाजलं. ती कधी सहाच्या आत येत नाही. मी दार उघडलं आणि तिचं तोंड पाहिलं. तोंडावरून काही कळेना.

"पाणी द्या आधी," म्हणाली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने सांगितलं. तपासनीस आला तो स्वतःचे दोन काटे घेऊन. दोन्ही चाकं एकदम वर, सपाट. फळीचं कामच नाही. पण त्याआधी त्याने हिचा कागद मागितला. कागदावर हिने एकशेचौतीस पूर्णांक दोन खोडून एकशेचौतीस पूर्णांक पस्तीस केलं होतं, खोडल्याजागी सही केली होती आणि बाजूला दुरुस्तीचं कारण लिहिलं होतं. खात्याच्या नियमाप्रमाणे कारण एका ओळीत लिहावं लागतं. तिने लिहिलं होतं, ‘फळी दोन मिलिमीटर कमी. सासूबाईंनी रंधा मारला.’

तपासनीस चष्मा वर करून म्हणाला, "बाई, ही सासूबाई म्हणजे कुठलं यंत्र?"

विक्रीसाहेब पाठीमागे उभा होता, त्याला ठसका लागला.

"यंत्र नाही साहेब," ही म्हणाली. "माझी सासू. घरी असते. पातेल्याचा डाग पडला म्हणून तिने फळी घासून काढली."

"किती वर्षं झाली म्हणालात तुम्हाला या खोलीत?"

"बावीस."

"आणि हे तुम्ही लिहून ठेवलंत."

"झालं होतं ना तसं."

मग गाडी चढवली. आधी टाकी काठोकाठ भरून घेतली, तो नियम आहे. काट्याचा आकडा हलत हलत थांबला. पुढचा आणि मागचा मिळून एकशेचौतीस पूर्णांक चार.

तपासनीसाने दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "पन्नास ग्रॅम कुठे गेले?" त्याने विचारलं.

"पेट्रोल," ती म्हणाली. "काठोकाठ म्हणजे कुणाचा काठ, त्यावर आहे."

त्याने सही केली.

साहेबाने गठ्ठ्यांकडे पाहिलं, सगळे रद्दीत जाणार होते. सून म्हणाली, तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, ते जिन्याचं पुन्हा एकदा सांगा. दुसऱ्या कारखान्याने ती एकशेएकतीसवाली कशी मोजली असेल?" हिने सांगितलं, "ते मला काय माहीत. आणून द्या, मोजते." तेव्हा तो पहिल्यांदा मनापासून हसला. थोरल्या साहेबांनी तिला उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली आणि घरी पाठवलं.

"म्हणजे मापखोली राहिली?" मी विचारलं. मला सरळ शब्दांत ऐकायचं होतं.

"राहिली, आई."

"आणि खोकी?"

"खोकी दुसरं कुणीतरी भरेल."

मी तिच्यासाठी जेवण वाढायला उठले. ताट घेऊन आले तोवर ती खुर्चीतच झोपली होती. डोकं एका बाजूला, एक चप्पल पायात, एक बाहेर. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या, ते मला ऐकू येत होतं पलीकडच्या खोलीतून. मी ताट झाकलं. पायातली राहिलेली चप्पल काढली. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर येत होती म्हणून पडदा ओढला.

पाचला मुलगा आला. दुकान लवकर बंद करून, केसांत भुसा तसाच. दारातूनच हातांनी विचारलं, काय झालं? मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. तो तिथेच उंबऱ्याजवळ खाली बसला, भिंतीला पाठ टेकली आणि एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं, जागी होते ही. झाली नाही.